शेवट सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट: पानशेतच्या एका कथेचं प्रकरण

पानशेतच्या पुरावर गोष्ट लिहायची आणि ती पुण्यातच, पुणेकरांसमोर वाचायची म्हटलं की पहिली अडचण ही येते की शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. धरण फुटतं. 12 जुलै 1961. ज्यांच्या घरात त्या काळातलं कोणी उरलेलं नाही त्यांनाही एवढं तर ठाऊक असतंच. मग ऐकणाऱ्याने पुढे काय होणार म्हणून बसून राहायचं कशासाठी? ह्या प्रश्नावर आमच्या कथालेखनाच्या गटातल्या एका मुलीची कथा जवळजवळ अख्खा पावसाळा अडून राहिली होती, आणि ती सोडवताना निवेदनाच्या शैलींबद्दल आम्ही सगळे जे शिकलो ते नुसत्या व्याख्या वाचून कधी उमगलं नसतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मुलीची आणि तिच्या आजीची परवानगी घेतलीय, नावं मुद्दाम देत नाहीये.

गट साधाच आहे. एरंडवण्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी जमतो, त्यात कॉलेजची मुलं आहेत, बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, घर सांभाळून लिहिणाऱ्या दोघीतिघी आहेत. ही मुलगी हिंजवडीला आयटीत, टेस्टिंगमधे काम करते, त्यामुळे चूक नेमकी कुठे आहे ते शोधायची तिला सवय आहे आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. तिची आजी 1961 मधे नऊ-दहा वर्षांची, नारायण पेठेत नदीच्या बाजूच्या एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी. वर्षाअखेरीला गटाचं वाचन असतं, त्यात आजीची ही आठवण कथा म्हणून वाचायची एवढंच तिनं ठरवलेलं.

पहिला ड्राफ्ट असा सुरू होत होता: "12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. पाण्याचा प्रचंड लोंढा खडकवासल्याच्या दिशेने झेपावला. इकडे नारायण पेठेतील एका वाड्यात मात्र नेहमीसारखी लगबग सुरू होती. नियतीच्या मनात काय आहे याची कुणालाच कल्पना नव्हती."

माहिती सगळी बरोबर होती. पानशेत आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पूर्ण व्हायच्या आधीच त्यात पाणी साठवलेलं, ते सकाळी फुटलं, ते सगळं पाणी खाली मुठेवरच्या खडकवासल्यात आलं, तेही 19व्या शतकातलं दगडी धरण, दुपारपर्यंत तेही गेलं. तिनं जुनी कात्रणं बघून हे नीट जुळवलं होतं. वाचून झाल्यावर गटातले लोक म्हणाले, छान माहिती मिळाली. कथेला कोणी छान माहिती मिळाली म्हणालं की समजायचं की कथा अजून सुरूच झालेली नाही, आणि हे तिच्याही लगेच लक्षात आलं, चेहऱ्यावर दिसलं.

तिनं वापरलेला हा सर्वज्ञ निवेदक. त्याला पानशेतला काय चाललंय तेही दिसतं आणि नारायण पेठेतल्या चुलीवर काय शिजतंय तेही दिसतं, वर नियतीच्या मनातलंही कळतं. हा निवेदक वाईट नाही, मोठा पट मांडायचा असेल तर त्याच्याशिवाय चालत नाही. पण इथे तो जे सांगत होता ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक, आणि ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही, म्हणजे त्या दोन खोल्यांत त्या दिवशी काय झालं, ते तो उंचावरून बघत असल्यामुळे त्यालाच नीट दिसत नव्हतं.

जेरार जेनेट ह्या फ्रेंच अभ्यासकाने 1972 मधे एक फरक स्पष्ट केला, की गोष्टीत बोलतंय कोण आणि बघतंय कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण उगाच ते एकच समजतो. गटाला मी एवढंच सांगितलं, बाकी थिअरी बाजूला ठेवली. मग मुलीने ठरवलं की बोलणारी आजीच असू दे. दुसरा ड्राफ्ट प्रथमपुरुषी झाला: "मी तेव्हा दहा वर्षांची होते. आज मागे वळून पाहताना अंगावर काटा येतो..."

ह्यात सुधारणा वाटते खरी, पण नीट वाचलं तर इथे "मी" दोन आहेत. एक त्या दिवशी बोळात उभी असलेली मुलगी, दुसरी आज सत्तरी ओलांडलेली, सगळं माहीत असलेली बाई. ड्राफ्टमधे सगळीकडे दुसरीच बोलत होती, आणि दुसरीला नंतरचं सगळं ठाऊक असल्यामुळे ती प्रत्येक प्रसंगावर आधीच सावली पाडत होती. सर्वज्ञ निवेदकच आजीचं लुगडं नेसून आला होता म्हणा ना. प्रथमपुरुषी निवेदन घेतलं की आपोआप जवळीक येते असं नव्या लिहिणाऱ्यांना वाटतं ते म्हणूनच पुरतं खरं नाही, मी म्हणणारी व्यक्ती नेमकी कधी उभी राहून बोलतेय हे ठरवल्याशिवाय जवळीक येत नाही.

मधे आणखी एक गोष्ट घडत होती. मुलीने आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं आणि आम्ही ते ऐकलं. आजीने सुरुवात पुराने केलीच नाही. तिने सुरुवात केली पाण्याच्या रांगेने. खडकवासला गेल्यावर पुण्याचं पिण्याचं पाणीच बंद झालं, मग वाड्यावाड्यातल्या विहिरी, टँकर, घागरी घेऊन ताटकळणं, तिथून ती चिखलाच्या वासावर गेली, तिथून पूरग्रस्तांना राहायला दिलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटवर, आणि दर वेळी नात मधे बोलायची, "आजी, तू आधी पूर कसा आला ते सांग ना." आजी म्हणायची "हो हो, सांगते," आणि मग तिचं सांगणं एकदम आखडायचं, शाळेतल्या उत्तरासारखं व्हायचं, पाणी आलं, आम्ही गेलो, सगळं वाहून गेलं. रेकॉर्डिंगमधे हे इतकं उघड ऐकू येत होतं की मुलीनेच ते मधे थांबवलं.

म्हातारी माणसं घटना क्रमाने सांगत नाहीत, त्यांचा क्रम आठवणीचा असतो, एका घागरीवरून दुसऱ्या घागरीवर जाणारा, आणि त्या क्रमात काय महत्त्वाचं आहे ते आपसूक वर आलेलं असतं. तारखांची दोरी आपण बाहेरून आणून बांधतो. म्हणून मी सुचवलं की आता तिला प्रश्नच विचारू नका. घरात तिचा पणतू आहे 6 वर्षांचा, त्याला गोष्ट सांगायला सांगा आणि तुम्ही नुसतं बसा.

आजीने त्याला जी गोष्ट सांगितली ती सुरू झाली अशी: "एक नदी होती, नदीच्या काठी एक वाडा होता, वाड्यात एक मुलगी होती आणि तिला शाळेत जायचा भारी कंटाळा." म्हणजे थेट कहाणीचा घाट. श्रावणात आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या कहाण्या ह्या बाईने जन्मभर वाचल्या आणि ऐकल्या आहेत, लहान मुलाला सांगायचं म्हटल्यावर ती आपोआप त्या चालीवर गेली. कहाणीत निवेदक कधी भावना समजावून सांगत नाही. राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती एक नावडती, झालं, पुढे चला. छोटी वाक्यं, एकामागून एक कृती. आणि ह्या चालीवर जाताजाता आजी म्हणाली, "मग पाणी बोळात आलं, घोट्याएवढं, तर तिच्या आईने दाराला कुलूप लावलं."

पोरगा म्हणाला, "पाण्याला कुलूप कशाला?"

"अरे चोर येतील म्हणून."

हे कुलूप नातीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आजी म्हणाली त्यात काय सांगायचं, बाहेर पडताना कुलूप लावतातच की. पुढचं असं, की मायलेकी आणि धाकटा भाऊ पर्वतीकडे मावशीच्या घरी गेले, काही दिवसांनी आई आणि ही परत बघायला आल्या. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या कित्येक भिंती मातीच्या, पाण्यात त्या विरघळल्यासारख्या बसल्या होत्या. ह्यांच्या खोलीची बाजूची भिंत पडलेली, दार मात्र चौकटीसकट उभं, कुलूप लावलेलं. आईने कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दारातून आत गेली. शेजारी भिंतच नव्हती, तिथून सहज जाता आलं असतं.

खरा अभ्यास इथून पुढे सुरू झाला. मी गटाला सांगितलं की हा कुलूप लावायचा एकच प्रसंग वेगवेगळ्या निवेदकांकडून लिहून आणा. सर्वज्ञ निवेदकाचं एक असं आलं: "त्या माउलीला काय ठाऊक, की ज्या भिंती उरणारच नाहीत त्यांच्या दाराला ती कुलूप लावत होती." वाक्य दिसायला जोरदार आहे पण त्याने सगळं संपवलं. ऐकणाऱ्याने स्वतः जोडायची गोष्ट निवेदकाने आधीच जोडून हातात दिली, आणि वर आईला जरा वेडंही ठरवलं. आठवणाऱ्या आजीचं आलं: "आज वाटतं, आईने ते कुलूप का लावलं असेल?" हे त्यामानाने बरं, प्रश्न खरा आहे, पण आपण परत आजमधे येऊन पडतो, बोळातलं पाणी थांबतं. आणि मुलीने स्वतः लिहून आणलं ते असं:

"आईने कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. किल्ली कनवटीला खोचली. मी म्हटलं दे मी ठेवते. म्हणाली, तू हरवशील. मग बाबांना यायला उशीर झाला तर, म्हटलं. तर म्हणाली, शेजारी सांगितलंय."

शेजारी सांगितलंय. बँकेवाले काका म्हणाले, जरा थांब, लगेच पुढचं वाचू नकोस. दहा वर्षांच्या मुलीला धरण म्हणजे काय ते नीट माहीत नाही, तिला किल्ली हवीय, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक पुणेकराला माहीत आहे की हा शेजारही जाणार आहे. मुलीला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, ह्या दोहोंच्या मधली जी जागा आहे तिथे ही कथा घडते. इतके दिवस आम्ही जी अडचण म्हणत होतो, शेवट सगळ्यांना माहीत आहे, तेच ह्या कथेचं भांडवल निघालं. फक्त त्यासाठी निवेदकाला ऐकणाऱ्यापेक्षा कमी माहीत असायला हवं होतं, आणि आम्ही तोपर्यंत दर वेळी त्याला जास्त माहिती देत बसलो होतो.

ह्याच सुमारास मी तिला सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तन ऐकायला जा म्हटलं होतं. आपल्याकडे शेवट माहीत असलेली गोष्ट सांगायची कला किती जुनी आहे ह्याचा आपण विचारच करत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादं पद घेऊन निरूपण होतं, उत्तररंगात त्यावर आख्यान लावतात, आणि आख्यान कुठलं तर हरिश्चंद्राचं नाहीतर ध्रुवाचं, जे समोर बसलेल्या प्रत्येकाने दहादा ऐकलेलं असतं. तरी माणसं बसतात. कारण बुवा राजाही होतात, राणीही होतात, मधेच गोष्टीतून बाहेर येऊन समोरच्या आजोबांशी दोन शब्द बोलतात आणि टाळ वाजला की परत स्मशानात. ऐकणारा शेवटाची वाट बघत नसतो, त्याला माहीत असलेल्या जागेपर्यंत बुवा आज कोणत्या वाटेने नेतात ते तो बघत असतो. मुलगी परत आली तेव्हा तिच्या वहीत एकच ओळ होती, बुवांनी शेवट आधीच सांगून टाकला. तिने तेच केलं, कथेच्या पहिल्या ओळीत तारीख टाकली, फक्त तारीख, धरणाचा उल्लेखसुद्धा नाही.

बाकीच्यांनी केलेले प्रयोग सगळे इथे द्यायची गरज नाही. संज्ञाप्रवाहात, म्हणजे मनात विचार येतील तसे सलग मांडत, लिहिलेला एक तुकडा फार पुस्तकी झाला, अंगाशी पाणी आल्यावर माणूस इतके लांब विचार करत नाही, हातात काय घेऊ हे बघतो. कॉलेजच्या एका मुलाने पोवाडा लिहिला, त्याचा आवाज चांगला आहे, खड्या आवाजात म्हटलाही, पण पोवाड्याला पराक्रम लागतो, उभा राहून ललकारणारा शाहीर लागतो आणि जी जी म्हणणारे झीलकरी लागतात. त्यात आई बसेना. मग त्यानेच डोकं लावून तो पोवाडा धरणावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांवर फिरवला, आणि तिथे तो असा काही उभा राहिला की अंगावर आला. शैली आपला विषय स्वतः निवडते असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं, आपण जबरदस्तीने दुसरा विषय दिला तर ती त्याला आपल्यासारखं करून टाकते.

पत्राचा प्रयोग मात्र थांबून बघण्यासारखा झाला. गटातल्या एक ताई, स्वतः पेठेतच वाढलेल्या, त्यांनी आईने माहेरी पाठवलेलं पोस्टकार्ड लिहून आणलं. "आम्ही सर्व सुखरूप आहोत. काळजी करू नये. भांडी गेली. पितळी डबा सापडला. यांचे ऑफिस सुरू झाले. वहिनींस नमस्कार." एवढंच. पत्रात लिहिणारीला माहीत असतं की वाचणारं माणूस लांब आहे, काळजी करणारं आहे, आणि पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतं, म्हणून ती सांगते त्यापेक्षा झाकते जास्त. 1761 मधे पानिपतावर काय झालं ते कळवणारा निरोप मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत आल्याचं सांगतात ना, तो प्रकार आपल्या मातीत जुनाच आहे, मोठं दुःख हिशोबाच्या चार ओळींत बसवायचं. पितळी डबा सापडला ह्या तीन शब्दांत बाकी काहीच सापडलं नाही हे येतं. मुलीने ताईंना विचारून ते पोस्टकार्ड कथेत घेतलं, त्यामुळे कथेत दोन आवाज झाले, गोष्टीतल्या छोट्या मुलीचा आणि कार्डातल्या आईचा, आणि दोघींपैकी कोणीही पूर्ण खरं सांगत नाही.

मधे एक प्रश्न आला आणि तो गंभीर होता. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने दहा वर्षांच्या आजीचं "मी" लिहायचं का, हा हक्क तिला आहे का. गटात बराच वाद झाला. मी आठवण करून दिली की ह. ना. आपट्यांनी सव्वाशे वर्षांहून आधी 'पण लक्षात कोण घेतो' मधे यमूची सगळी कहाणी तिच्याच तोंडून, प्रथमपुरुषात लिहिली, तेव्हा दुसऱ्याच्या आत शिरून बोलणं मराठीत नवं नाही. पण यमू पात्र आहे आणि आजी बाजूच्या खोलीत बसलीय, हा फरक राहतोच. म्हणून ठरलं की प्रत्येक ड्राफ्ट आजीला वाचून दाखवायचा आणि ती जे खोडेल ते खोडायचं.

आजीने सगळ्यात आधी "मला खूप भीती वाटली" हे वाक्य काढायला लावलं. म्हणाली, "मला काही भीती वाटली नव्हती. शाळा सुटली म्हणून मला मजा वाटत होती. भीती रात्री वाटली, बाबा आले नाहीत तेव्हा." बाबा नोकरीला डेक्कनच्या बाजूला, लकडी पूल पाण्याखाली, ते दुसऱ्या दिवशी पोचले. आजीने केलेल्या ह्या एका दुरुस्तीने कथेचा कणाच बदलला, सकाळभर मजा आणि भीती रात्री, असा क्रम आम्हा कोणालाही सुचला नसता, कारण आम्ही पुराची गोष्ट म्हणून लिहीत होतो आणि तिच्यासाठी ती बाबा न आल्याची रात्र होती.

त्यावर कोणीतरी म्हणालं, मग बाबांचा भाग त्यांच्या तोंडून घाला की. 'ययाति' मधे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापलं सांगतात, 'मृत्युंजय' मधे कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात, तसं. अनेक निवेदकांचा घाट मला स्वतःला फार आवडतो, एकाच घटनेला प्रत्येकाच्या बाजूने वजन येतं. पण मुलीने नको म्हटलं आणि तिचं कारण मला पटलं. बाबांनी त्या रात्री नदीपलीकडे काय बघितलं ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही, आणि छोट्या मुलीच्या गोष्टीत ते नसणं हाच तर रात्रीचा सगळा भार आहे. त्यांना बोलतं केलं असतं तर ते रात्रीच घरी आल्यासारखं झालं असतं.

वाचन झालं. साधारण वीस मिनिटं. कुलपापाशी ती थांबली नाही, आवाजही बदलला नाही, वाचताना हे सांभाळणं लिहिण्याइतकंच कठीण असतं. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर ह्या तिघांनी गावोगाव कथाकथन करून दाखवलं की छापलेली कथा आणि सांगितलेली कथा ह्या दोन वेगळ्या चिजा आहेत, तेव्हा वाचनासाठी तिने पोस्टकार्ड सोडून जवळजवळ प्रत्येक वाक्य तोडून लहान केलं होतं. संपल्यावर कथा कशी वाटली ते कोणी फारसं बोललंच नाही. मागे बसलेल्या एक बाई उठल्या आणि आमच्याकडे शिलाई मशीन होतं तिथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली, मग लोकमान्यनगरला राहणारे एक आजोबा, मग आणखी कोणी, आणि सगळेजण वस्तूपासून सुरुवात करत होते, तारखेपासून एकही नाही.

आता एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. मुलीला छापायच्या ड्राफ्टमधे सगळं वर्तमानकाळात हवंय, "आई कुलूप लावते, दोनदा ओढून बघते." तिचं म्हणणं की गोष्टीतल्या छोट्या मुलीला पुढचं माहीत नाही तर भूतकाळ तरी कुठून येईल, भूतकाळात बोलणारी म्हणजे परत आजचीच आजी. तर्काने ती बरोबर आहे. मला मात्र भूतकाळच हवाय, कारण आजीने पोराला ती गोष्ट "होती, होता" करत सांगितली आणि कुलूप त्या चालीतूनच बाहेर आलं, वर्तमानकाळ घातला की ते पटकथेसारखं दिसायला लागतं आणि आजीचा सूर जातो. दोन्ही ड्राफ्ट सध्या गटाच्या व्हॉट्सअपवर आहेत. आजीला अजून वाचून दाखवायचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून पुढच्या शनिवारपर्यंत थांबलोय.